केशोरीहून कोकणाकडे

कोकणात गाडीनं जायचं म्हटलं, की आमच्याकडची माणसं आधी हसतात. केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं गाव, गडचिरोलीच्या हद्दीजवळचं. इथून रत्नागिरी हजार किलोमीटरांहून लांब. खरं तर आम्हाला जवळचा समुद्र पूर्वेचा. रायपूर, जगदलपूर करत विशाखापट्टणमला लवकर पोचता येतं. आमचं पावसाचं पाणीसुद्धा वैनगंगेतून, पुढं प्राणहिता आणि गोदावरीतून त्याच समुद्राला मिळतं. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या अम्मीनं अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि तिची अट एकच: वाटेत भेटेल त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. म्हणून कोकण.

रस्ते दोन. नागपूरहून समृद्धी महामार्ग धरायचा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अलिबाग, मुरुडकडे जाणाऱ्यांना तो सोयीचा. पण सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला पेंग येते आणि मागं बसलेल्याला पाहायला फारसं काही नसतं. मी दुसरा निवडला आहे: वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर. मुक्काम यवतमाळ, सोलापूर आणि कोल्हापूरला. मधला टप्पा सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास जातो, तेव्हा त्या दिवशी पहाटे निघायचं.

या रस्त्याची मजा नद्यांत आहे. भंडाऱ्याला वैनगंगा, मग वर्धा, पैनगंगा, नांदेडला गोदावरी, मंगळवेढ्याच्या अलीकडे भीमा, मिरजेपुढं कृष्णा. तुम्ही पश्चिमेला चाललेले आणि प्रत्येक पुलाखालचं पाणी पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं. हे आंबा घाटापर्यंत चालतं. तिथं सह्याद्रीचा कडा ओलांडला, की पाणी दिशा बदलतं. साखरप्याकडून येणारी काजळी नदी रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. हा बदल डोळ्यांनी पाहायचा, म्हणून घाट दिवसाच उतरायचा. कोल्हापूर ते रत्नागिरी जेमतेम १३० किलोमीटर. शेवटचा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे.

घाटाबद्दल थोडं सांगतो, कारण आमचे ड्रायव्हर सपाटीचे. ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावं. सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पावसाळ्यात धुकं आणि दरडी, तेव्हा त्या दिवसांत नकोच. तसंही रोवणीच्या दिवसांत आमच्याकडून कोण निघणार? दिवाळीनंतर कापणी, मळणी, गावोगावच्या मंडई आटोपल्या, की डिसेंबर उजाडतो. हवाही तेव्हा चांगली.

घाट उतरल्यावर झाडीपट्टीच्या माणसाला फार परकं वाटायचं कारण नाही. आमची बांधी, त्यांचं खाचर. आमचं धान, त्यांचं भात. आमची रोवणी, त्यांची लावणी. जेवणात भात दोन्हीकडे मुख्य.

रत्नागिरीहून उत्तरेला आरे-वारेवरून गणपतीपुळ्याचा रस्ता समुद्राला लागून जातो. पुढं जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. तिथं फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे तवसाळला उतरायचं. गुहागरपुढं धोपावे ते दाभोळ हीच सोय आहे. चिपळूणला वळसा घालण्यापेक्षा हे बरं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीतून न उतरता खाडी पाहता येते. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. तीही स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आत भाट्याला पोचायचं ठरवलं आहे, म्हणजे अम्मीला सूर्य पाण्यात उतरताना दिसेल. गाडीत तिच्यासाठी एक घडीची खुर्ची घेतली आहे आणि कोकणात ज्यांच्याकडे उतरू त्यांच्यासाठी केशोरीची मिरची, किलोभर.