मोटारीतले तान्हे बाळ : आसन कसे निवडावे, कसे बांधावे

रोपवाटिकेतून टोमॅटोची किंवा मिरचीची रोपे आणताना कोणताही शेतकरी ती गाडीत मोकळी टाकीत नाही. ट्रे नीट मांडतो, घट्ट अडकवतो, कारण पहिल्याच खड्ड्यात कोवळी मान मोडेल हे त्याला ठाऊक असते. परंतु त्याच घरातले आठ दिवसांचे बाळ दवाखान्यातून निघते ते आईच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळून, भाड्याच्या जीपमध्ये. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपल्या काचीगुड्याच्या लोकांना हा विषय दूरचा नाही. सुलतान बाजारचे सरकारी प्रसूतिगृह येथून जवळ आहे. बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. बाळाला घेऊन नांदेडकडे, बिदरकडे परतते. आगगाडीने गेली तर ठीक. पण स्थानकापासून गावापर्यंतचा प्रवास, किंवा सगळाच प्रवास, आता बहुधा मोटारीने होतो. बाप्तिस्म्याला येतानाही एका गाडीत दहा माणसे आणि मधोमध बाळ, असेच चित्र दिसते.

मांडी का पुरत नाही?

"मी बाळाला घट्ट धरले आहे," असे प्रत्येक आई म्हणते. तिच्या मायेबद्दल शंका नाही. शंका हाताच्या बळाबद्दल आहे. हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ५ किलोचे बाळ सुमारे ७० किलो वजनाच्या जोराने पुढे ओढले जाते. म्हणजे सिमेंटच्या भरल्या पोत्याहून जड. असे पोते अचानक सुटले तर कोणाचे हात ते थोपवतील? याच वेगाचा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचेच शरीर बाळावर येऊन आदळते. आणि एकच पट्टा आई व बाळ दोघांभोवती गुंडाळला, तर आईचे वजन त्या पट्ट्यामधून बाळाच्या पोटात रुतते. असे कधीही करू नये.

मागे बसले म्हणजे सुरक्षित, हाही भ्रमच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे दगावले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात आढळले. गाडी उत्तम होती, तरी पट्ट्याची उणीव गाडी भरून काढू शकत नाही.

बाळाचे तोंड मागे का?

नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसाचे साधारण एक अष्टमांश. मान मात्र कोवळी, हाडे अजून पुरती जुळलेली नसतात. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचे धड पट्टा धरून ठेवतो, पण जड डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान, पाठ ही सर्व एकदम आसनाच्या पाठीत दाबली जातात व आघात वाटला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात हा विचार पुढे आणला. त्या देशात मुलांना चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवण्याची रीत पडली. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७८ पासून लहान मुलांसाठी आसनाची सक्ती केली. तेथील अभ्यासानुसार योग्य आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होतो.

आसन निवडताना

१. वय नव्हे, वजन व उंची पाहा. जन्मापासून साधारण १३ किलोपर्यंत मागे तोंड असलेले आसन लागते. काही आसने आधी मागे व नंतर पुढे तोंड करून वापरता येतात. ती सुमारे १८ किलोपर्यंत चालतात. एकदाच खर्च करणे शक्य असेल तर असे आसन परवडते. मात्र ते नवजात बाळालाही चालते ना, हे विचारून घ्यावे. बाळ निदान पंधरा महिन्यांचे होईपर्यंत तोंड पुढे करू नये. आसन झेपेल तोवर मागेच ठेवावे. त्यानंतर उंची सुमारे १३५ सेंटिमीटर होईपर्यंत उंचवट्याचे आसन लागते.

२. प्रमाणाची खूण पाहा. भारतीय प्रमाण 'एआयएस-०७२' आहे. युरोपीय आसनावर वर्तुळात 'ई' अक्षर व अंक असतो. खूण नसलेली, केवळ गादी व दोन बंद असलेली वस्तू घेऊ नये.

३. आपल्या गाडीत बसते का ते दुकानातच लावून पाहा. अनेक नव्या मोटारींत मागच्या आसनात लोखंडी कड्या असतात, त्यांना 'आयसोफिक्स' म्हणतात. कड्या नसतील तर खांद्यावरून व कमरेवरून जाणाऱ्या पट्ट्याने बांधायचे आसन घ्यावे. तेच भाड्याच्या गाडीतही चालते.

४. जुने आसन घरातले, भावाबहिणीकडचे असेल आणि त्याचा इतिहास माहीत असेल तरच घ्यावे. अपघातातून गेलेले, तडा गेलेले किंवा मुदत संपलेले आसन बाहेरून चांगले दिसले तरी निकामी समजावे. चांगले आसन मात्र एका घराण्यात तीन-चार बाळांना पुरते. गावात दोन-तीन घरांनी मिळून एक ठेवले तरी खर्च हलका होतो.

बांधताना

आसन नेहमी मागच्या बाकावर बांधावे. पुढच्या जागेसमोर हवेची पिशवी असेल तर तेथे मागे तोंड असलेले आसन कदापि ठेवू नये. ती पिशवी फुटताना थेट आसनाच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. आसन बांधल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून हलवा. अडीच सेंटिमीटरहून अधिक हलता कामा नये. नवजात बाळाचे आसन इतके कललेले असावे की मान पुढे पडून श्वास कोंडणार नाही.

मागे तोंड असताना खांद्याचे बंद खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली असावेत. पुढे तोंड केल्यावर पातळीला किंवा वर. बंद आवळल्यावर खांद्याजवळ चिमटीत घडी धरता येऊ नये. बाळाला दुपट्यात गुंडाळून किंवा जाड स्वेटर घालून बांधू नये, कारण आघातात कापड दबते आणि बंद सैल पडतो. आधी बांधावे, मग वरून दुपटे घालावे. लांबच्या वाटेवर दोन तासांत एकदा, आणि अगदी तान्हे असेल तर अर्ध्या तासाने, गाडी थांबवून बाळाला बाहेर काढावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडच्या उन्हाचेही भान हवे. आसनाची लोखंडी चाप उन्हात तापून कातडी भाजते. बसवण्यापूर्वी हात लावून पाहा. उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे १० अंश उष्णता वाढते आणि बाळाचे अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. दुकानात "जरा जाऊन येतो" म्हणूनही बाळाला गाडीत एकटे सोडू नये.

कायदा, दुचाकी आणि ट्रॅक्टर

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने न बांधल्यास १,००० रुपये दंड ठरवला. दुचाकीसाठी २०२२ चा नियम २०२३ पासून लागू आहे : चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला शिरस्त्राण, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नाही. तान्ह्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये हे उत्तम. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर नातवाला बसवून शेतात नेणे हे कौतुक नव्हे, संकट आहे. ट्रॅक्टरवर जागा एकच, चालकाची.

आसन नसेल आणि निघणे भागच असेल तर गाडीत गर्दी करू नका, आईने मागच्या बाकावर स्वतःचा पट्टा लावून बसावे, चालकाला हळू चालवायला सांगावे. जमेल तेथे आगगाडीने जावे. यामुळे धोका कमी होईल, टळणार नाही. बारशाला बाळासाठी सोन्याची अंगठी, चांदीचे वाळे आपण हौसेने करतो. पुढच्या बारशाला आजोळ, मामा व आत्या मिळून एक चांगले आसन देतील, तर त्या बाळाला याहून मोलाचा आहेर दुसरा नाही.