तांबड्या पेशींचं अर्धवट सोडलेलं प्रकरण

सरकारी पैशातून प्राण्यांवर प्रयोग करायचे असतील, तर आखणी करतानाच नर-मादी भेद विचारात घ्या, असा नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जानेवारी 2016 मध्ये लागू केला. त्यासाठी 2016 उजाडावं लागलं, ही शरमेची बाब आहे. वृषणं काढलेल्या नर उंदराच्या तांबड्या पेशी घटतात आणि टेस्टोस्टेरॉन टोचलं की पुन्हा वाढतात, हे 1940 च्या दशकातच दिसलं होतं.

पुढची वीसेक वर्षं पेशी मोजण्यातच गेली.

या संशोधनाचा खरा बहर 1970 च्या दशकातला. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. ग्लुकोज फोडून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर ती जगते. त्याच वाटेवर 2,3-डीपीजी नावाचा रेणू तयार होतो. तो हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत बसला की ऑक्सिजनवरची पकड सैल होते. हे 1967 मध्ये उमगलं आणि 1972 मध्ये कळलं, की नर-संप्रेरकांमुळे हा रेणू वाढतो. म्हणजे संप्रेरकाचा हात थेट पेशीच्या चयापचयापर्यंत पोचत होता!

त्या काळी डायलिसिसवरच्या रुग्णांना तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून नँड्रोलोन या नर-संप्रेरकासारख्या औषधाची तेलकट इंजेक्शनं कमरेत देत. बायकांचा आवाज घोगरा होई, ओठांवर लव येई. पण वारंवार रक्त चढवणं टळावं म्हणून त्या ते सोसत.

मादीची बाजू फेरेट या प्राण्याने दाखवली. त्याची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज ओसरतच नाही. आठवडेच्या आठवडे इस्ट्रोजेन चढलेलं राहतं, अस्थिमज्जा कोमेजते आणि पंडुरोगाने मादी दगावते.

1989 मध्ये कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाला, अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नँड्रोलोन मागे पडलं. रुग्णांची सुटका झाली, ते उत्तमच झालं. पण औषधाबरोबर नर-मादी संप्रेरकं तांबड्या पेशीत काय घडवतात हा प्रश्नही अडगळीत टाकला, हा संशोधकांचा करंटेपणा. नफ्याचं औषध उरलं नाही म्हणून पेशीचं रसायन थोडंच बदलतं?

2016 मध्येच साठवणीतल्या रक्ताने तो प्रश्न पुन्हा वर काढला. पुरुष दात्यांच्या पेशी साठवणीत जास्त फुटत होत्या. वृषणं काढलेल्या उंदरांत हे फुटणं कमी झालं, टेस्टोस्टेरॉन दिल्यावर वाढलं. तांबड्या पेशींची पिशवी देताना रक्तपेढी आजही गट जुळवते, मुदत बघते. दात्याच्या संप्रेरकांची दखल मात्र घेत नाही.