भाजलेला काजू गार करायची पेटी घरीच बनवा

काजू बी तशीच विकण्यापेक्षा गर काढून विकावा आणि नुसता गर विकण्यापेक्षा भाजून, खारवून विकावा, हे आता कोणी कोणाला सांगायला नको. लांजा, राजापूर, संगमेश्वरकडे घराच्या पडवीत चालणारे छोटे उद्योग आणि महिलांचे बचत गट हेच करताहेत. चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला गावी येतो, तो परतताना चार पुडे घेऊनच जातो. अडचण येते ती पुढे. मुंबईला पोचल्यावर पुड्यातला काजू मऊ लागतो, काही दिवसांनी खवट वास येतो आणि दुकानदार माल परत करतो. मग आपण दोष देतो पिशवीला, मिठाला, पावसाला. त्यांचाही वाटा असतोच. पण भाजणे आणि भरणे यांच्यामधल्या अर्ध्या तासात काय होते, इकडे कोणाचेच लक्ष नसते.

ढिगाच्या पोटात काय चालते

काजूगरात जवळजवळ निम्मे तेल असते. कढईतून सव्वाशे-दीडशे अंशाचा गर काढून परातीत ढीग केला की वरचा थर निवतो, पण आतला गर आपल्याच उष्णतेने भाजत राहतो. म्हणून एकाच घाण्यात काही दाणे पांढुरके, काही तांबूस आणि काही करपट निघतात. गिऱ्हाईक पुडा फोडून पहिल्यांदा रंगच बघते.

दुसरे नुकसान याहून मोठे. गरम काजू पिशवीत भरला की गरातली वाफ बाहेर पडते, पिशवीच्या थंड पडलेल्या अंगावर तिचे पाणी होते आणि ते पाणी काजूच परत पितो. काजूगरात पाणी पाच टक्क्यांच्या आत राहायला हवे. त्यापुढे गेले की कुरकुरीतपणा जातो आणि बुरशीला वाट मिळते. काजू खारा असेल तर मीठ आणखी ओल ओढते.

आणि एक चूक तर घरोघरी होते. गरम काजू दाताखाली मऊच लागतो, तो कुरकुरीत होतो निवल्यावर. ‘अजून कच्चा आहे’ म्हणून पुन्हा कढईत टाकला की घाणा वाया गेलाच समजा. दोन मिनिटांत गार करून चावून बघायची सोय असेल तर ही चूक होणारच नाही.

कॉफीवाल्यांची युक्ती

यावरचा उपाय कॉफी भाजणाऱ्यांकडे जुना आहे. कॉफी म्हटले की आपल्याला कूर्ग, चिकमगळूर आठवते, पण आपल्या राज्यातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून तिची लागवड आहे. कॉफीची बी दोनशे अंशांच्या वर भाजतात. भट्टीतून काढल्यावर ती चार-पाच मिनिटांत गार झाली नाही तर आपल्याच उष्णतेने पुढे भाजते आणि चव कडवट होते. म्हणून ते बी भोकांच्या ताटात ओततात, खालून पंख्याने हवा ओढतात आणि वरून सतत हलवत राहतात. घरी किलो-अर्धा किलो कॉफी भाजणारे हौशी लोक हेच काम लाकडी पेटी, चाळण आणि पंखा जोडून करतात. काजूला तीच पेटी चालते, फक्त जरा मोठी हवी.

पेटी कशी करावी

प्लायवुडची दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी सुताराकडून करून घ्या. तळ बंद, वरचे तोंड उघडे. एका बाजूला गोल भोक पाडून नऊ इंची एक्झॉस्ट पंखा असा बसवा की तो पेटीतली हवा बाहेर फेकेल. पाती पत्र्याची हवीत, कारण गरम हवा त्यांच्यावरूनच जाणार. बाहेरून जाळी मारा, घरात पोरे असतातच. वरच्या तोंडावर तीन-चार इंच काठाचे, तळाला भोके असलेले स्टीलचे ताट बसेल असे करा. भोके पाच-सहा मिलिमीटरची पुरेत, म्हणजे सालीचा भुगा खाली पडतो आणि अख्खा गर वर राहतो. जस्त चढवलेली जाळी स्वस्त मिळते, पण मीठ आणि तेल लागणाऱ्या खाण्याच्या मालाखाली ती नको.

टेबल पंखा चालेल का, असे कोणीतरी विचारणारच. तो मोकळ्यात वारा छान देतो, पण मालाच्या थरातून हवा ओढायला लागली की दमतो. एक्झॉस्ट पंखासुद्धा जाड थरापुढे हात टेकतो, म्हणून थर एक इंचाचाच ठेवा. एवढ्या ताटात एका इंचाला साधारण तीन किलो गर मावतो. जास्त माल असेल तर लोहार भात्याऐवजी वापरतो तसला विजेचा ब्लोअर बघा. तो दाबाने हवा खेचतो, दोन इंचाचा थरही सहज निववतो. आवाज मात्र फार करतो.

सगळी गोम आहे ती फटींत. हवा आळशी असते. तिला काजूतून जाण्यापेक्षा ताट आणि पेटी यांच्यामधली फट सोपी वाटते. ताट टेकते त्या काठावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा, सांधे लांबीने भरा. मग पंखा लावून रिकाम्या ताटावर वर्तमानपत्राचा कागद ठेवा. तो ताटाला चिकटून बसला पाहिजे. पेटीच्या सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवा, जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट आहे.

विजेची भीती नको. साठ वॅटचा पंखा दहा मिनिटे चालवला तर एका युनिटमध्ये शंभर घाणे निवतात. अर्थिंग मात्र नीट करून घ्या. ओल्या हाताने मिठाचे पाणी मारणारी माणसे तिथेच वावरत असतात.

वापरताना

पंखा आधी सुरू करा, मग कढईतला काजू ताटात ओता. लाकडी उलथण्याने हलक्या हाताने फिरवत राहा. गरम गर नरम असतो, जोर लावला तर पाकळी होते आणि पाकळीचा भाव अख्ख्याच्या खाली. थर पातळ असेल तर पाच ते सात मिनिटांत माल हाताला जेमतेम उबदार लागेल. पहिल्या दोन-चार घाण्यांना रंग नेहमीपेक्षा फिका वाटेल. बरोबरच आहे, कारण पूर्वी उरलेले भाजणे परातीत होत होते. आता ते अर्धे-पाऊण मिनिट कढईतच जास्त द्या.

पेटी चुलीजवळ ठेवू नका. ती हवेबरोबर धूरही ओढते आणि काजूचे तेल वास चटकन धरते.

आता पावसाळ्याचे. आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघड्यावर ठेवलेला पापड तासाभरात लोळतो. मग असल्या हवेचा पंखा काजूवर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण गर गरम आहे तोवर तो ओल घेत नाही. ओल घेतो तो निवल्यावर. म्हणून गार झटपट करायचा आणि खोलीच्या हवेपेक्षा किंचित उबदार आहे तोच पंखा बंद करून लगेच भरायचा. पंखा चालू ठेवून चहाला गेलात तर परातीतल्या ढिगाहून वाईट माल हाती येईल. पिशव्या, तराजू आणि सील करायचे यंत्र आधी मांडून ठेवा, मगच कढई तापवा. गणपतीसाठीचा माल याच दिवसांत भाजला जातो, तेव्हा ही गोष्ट एका माणसाकडे नेमून दिलेली बरी.

ही पेटी सगळीकडे चालवू मात्र नका. बॉयलरमधून वाफवून काढलेली टरफलासकटची बी रात्रभर जमिनीवर पसरून सावकाशच निवू द्यावी. त्यात टरफल सुकून कडक होते आणि कटरवर गर अख्खा निघतो. शिवाय टरफलाचे तेल अंग भाजणारे. ज्या ताटात टरफलाची बी पडली त्यात पुन्हा खायचा गर घालायचा नाही. बोर्म्यातून काढलेल्या सालीसकटच्या गराला हवा दिली तर चालते, एकदम निवल्याने साल सुटायला मदतच होते. तिथेही फार वेळ नको. अगदी कोरडा गर सोलताना तुटतो आणि तुकड्यात, कणीत जातो.

बचत गटांना एक सांगणे. पेटी प्रत्येकीकडे असायची गरज नाही. वाडीत एक पुरते, मात्र भाजणेही तिथेच व्हायला हवे. घरी भाजून गरम काजू डब्यात घालून पेटीपर्यंत आणला तर पेटीचा उपयोग शून्य. ग्रामपंचायतीकडे रिकामी खोली असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती हंगामापुरती द्यायचा विचार करावा. तिथे वीज, ओटा आणि माशा न येणारी खिडकी एवढे असले की झाले.

लाईट गेली तर? कोकणात हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. घरात भात उपणायचा हाताचा पंखा असेल तर तो धुऊन-पुसून तयार ठेवा. ताट दोन पाटांवर टेकवून काजूचा पातळ थर करा आणि बाजूने वारा द्या. वेळ दुप्पट लागेल, पण घाणा वाचेल.

आठवड्यातून एकदा प्लग काढून पंख्याची पाती पुसा. सालीचा भुगा आणि तेल मिळून तिथे चिकट थर बसतो, पंखा जड चालतो आणि त्या थराला खवट वास येतो. ताट रोज गरम पाण्याने धुवा आणि उन्हात किंवा चुलीच्या उबेत पूर्ण कोरडे करा. हंगाम संपल्यावर पेटी जमिनीवर ठेवू नका, आढ्याला टांगा. काजूचा वास लागलेली लाकडी पेटी म्हणजे उंदरांना बाळंतपणाची खोलीच, आणि पंख्याची वायर ते पहिल्यांदा कुरतडतात.