तारामतीचे हात

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे जन्मगाव. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या असंख्य तरुणांपैकी ते एक. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा पडून या गिरणीकामगाराने देह ठेवला. त्याच श्रमजीवी मुंबईने आणखी एका सामान्य माणसाला निराळ्या वाटेने इतिहासाच्या दप्तरी रुजू करून घेतले. अण्णा हरी साळुंके हे त्याचे नाव.

सन १९१२ मध्ये दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होते. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी दारोदार विनवण्या केल्या, परंतु चित्रपटात काम करणे इतके हीन समजले जाई की एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहावयास राजी होईना. अशा हताश मनःस्थितीत ग्रँट रोडच्या एका खानावळीत राबणाऱ्या साळुंके या तरुणाची नाजूक चण आणि सडपातळ हात त्यांच्या नजरेस पडले, आणि दरमहा १० रुपयांचा हा नोकर १५ रुपयांवर तारामती म्हणून नेमला गेला. लोकांनी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, अशी फाळक्यांची मंडळींना ताकीद होती. माझ्या मते ते बोल अक्षरशः खरे होते. फाळक्यांच्या दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून फिल्मला छिद्रे पाडीत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश पाडीत. त्या कारखान्यात शिकणे आणि राबणे ही दोन कामे नव्हती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात तो चित्रपट लागला. त्यात तारामती सख्यांसह जलक्रीडा करते असा एक प्रसंग आहे: अंगाला चिकटलेली ओली लुगडी, पाण्याचे उडणारे तुषार, आणि हौदातली प्रत्येक सखी पुरुष! तरीही त्या ओल्या पदराशी घुटमळणारे साळुंक्यांचे हात पाहताना फाळक्यांच्या पारखीला दाद द्यावीशी वाटते. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही झाले. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत.

यानंतरचा त्यांचा निर्णय मला अभिनयाहूनही मोठा वाटतो. टाळ्या मिळत असताना त्यांनी रंग पुसला आणि फाळक्यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान कंपनीत कॅमेऱ्याची मूठ फिरविण्याचे काम पत्करले. ज्या यंत्रासमोर लाजत उभे राहिले, त्याच यंत्राचे ते मूकपटांच्या काळात छायालेखक झाले. त्यांचे सहकारी दत्तात्रय दाबके, म्हणजे पहिले हरिश्चंद्र, तेही असेच यंत्रामागे गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी हीच कथा स्वतः दिग्दर्शित केली. एकाच कारखान्यातून नट, छायालेखक आणि दिग्दर्शक असे घडत गेले, ही फाळक्यांची कमाई चित्रपटांच्या संख्येत मोजता येणार नाही.

आपल्या आंबेगाव तालुक्यातून पुण्यास जाणे-येणे नित्याचेच आहे. तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे जपली आहेत. वाचकांनी ती कधीतरी आवर्जून पाहावीत, आणि तो हौदाचा प्रसंग आला की तारामतीच्या हातांकडे लक्ष द्यावे.