सॉल्ट चवीपुरता नको

सर्टिफिकेट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थेच्या सर्व्हरच्या प्रायव्हेट की असतात. अशी की ज्याच्या हाती लागेल, तो त्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो. किल्ल्यांच्या या कपाटाला कुलूप असतं पासवर्डचं. त्याची मजबुती बरीचशी सॉल्टवर, म्हणजे हॅश (उलट फिरवता न येणारं गणिती रूप) करण्याआधी पासवर्डमध्ये मिसळलेल्या रँडम बाइट्सवर ठरते.

गैरसमज: पासवर्ड हॅश करून ठेवला की काम झालं.
वस्तुस्थिती: २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख पासवर्ड-हॅश फुटले. त्यांत सॉल्ट नव्हता. त्यामुळे एक अंदाज एकदाच हॅश करून अख्ख्या यादीशी ताडता येत होता.

गैरसमज: सॉल्ट गुप्त ठेवावा लागतो.
वस्तुस्थिती: सर्टिफिकेट आणि की एकत्र नेणाऱ्या पीएफएक्स फाइलमध्ये सॉल्ट उघडाच लिहिलेला असतो. दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळे निघावेत आणि चोराला प्रत्येकासाठी पहिल्यापासून खपावं लागावं, एवढंच त्याचं काम.

गैरसमज: सॉल्ट आहे ना, मग कुठलाही चालेल.
वस्तुस्थिती: खरा घात इथेच होतो. कोडमध्ये कायमचा लिहिलेला सॉल्ट सगळ्या ग्राहकांकडे सारखाच जातो. युजरनेमचाच सॉल्ट केला, तर ‘ॲडमिन’ जागोजागी तोच. मग अंदाज आणि त्यांच्या हॅशचा एकदा बनवलेला तक्ता सगळीकडे लागू पडतो. लांबीही हवी. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधला जो सॉल्ट वर्णिला, तो १२ बिटांचा होता, म्हणजे फक्त ४,०९६ प्रकार. पासवर्डपासून की बनवताना किमान १२८ बिट रँडम सॉल्ट घ्या, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१० मध्येच सांगितलं.

गैरसमज: सॉल्ट चांगला असला की सोपा पासवर्डही टिकतो.
वस्तुस्थिती: एकाच फाइलच्या मागे लागलेल्याला सॉल्ट थोपवत नाही. त्याला दमवतात ती हॅशची आवर्तनं आणि लांब पासवर्ड. २००० सालच्या पीकेसीएस-५ या पासवर्ड-एन्क्रिप्शनच्या मानकात किमान १,००० आवर्तनं सुचवली होती. पासवर्डपासून की बनवण्याची पीबीकेडीएफ२ पद्धत एसएचए-२५६ या हॅशसोबत वापरताना ओवॅस्प ही सॉफ्टवेअर-सुरक्षेची संस्था आता ६,००,००० सुचवते.

गैरसमज: सॉल्ट सुधारणारं अपडेट टाकलं, प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: जुन्या सॉल्टचे हॅश सहसा पासवर्ड बदलेपर्यंत तसेच राहतात. बॅकअपमधल्या जुन्या पीएफएक्स फाइल्सना तर अपडेट शिवतही नाही. म्हणून पासवर्ड बदला, त्या फाइल्स शोधून काढा. एखादी बाहेर गेल्याची शंका असेल, तर सर्टिफिकेट रद्द करून नव्या कीवर नवं घ्या.