फाटलेल्या कागदाला टेप नको

इस्लापूर आज नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं; राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ असा त्याचा वेगळा उल्लेखच आहे. इथल्या एखाद्या घरात निजामकाळातला जमिनीचा कागद असेल तर तो बहुधा उर्दूत असणार, आणि त्याची मूळ नोंद शोधायची तर आता तेलंगणात गेलेल्या तालुक्याचं दप्तरही धुंडाळावं लागू शकतं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यात पेट्यांच्या तळाशी पडलेल्या कागदांना एकदम किंमत आली. आठ घड्या घातलेला कागद उलगडला की घडीवरच फाटतो, आणि मग घरात शोधली जाते ती चिकटपट्टी. जो कागद पुन्हा मिळणार नाही त्याला ती लावूच नये.

पारदर्शक सेलोफेन टेप १९३० साली अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू यांनी आणली. तिचा डिंक रबराचा. हवा आणि उष्णतेने तो आधी पातळ, चिकट होतो आणि कागदाच्या तंतूंत मुरतो. पुढे पिवळा, मग तपकिरी पडून वाळतो. वरची फिल्म आपोआप गळते आणि कागदावर कडक डाग उरतो. नांदेडकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीत, हे सगळं लवकर घडतं. शाई बॉलपेनची किंवा शिक्क्याची असेल तर ती त्या डिंकात पसरते. टेप ओढून काढावी, तर कागदाचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. उर्दू कागदात हे फार महागात पडतं, कारण शब्दाच्या सुरुवातीला बे, ते आणि नून यांचा आकार सारखाच असतो. फरक असतो तो नुक्त्यांचा. एक नुक्ता गेला की नाव वाचणाऱ्याला अंदाजच करावा लागतो. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचे तुकडे १९५०च्या दशकात विद्वानांनी अशाच टेपने जोडले. ती काढण्याचं काम पुढे जेरुसलेममध्ये कित्येक वर्षं चाललं.

आता आम्लरहित, ॲक्रिलिक डिंकाच्या, पातळ कागदी पट्ट्याही मिळतात ना? मिळतात, आणि त्या पिवळ्या पडत नाहीत हे खरं. पण आम्लरहित म्हणजे सहज निघणारी नव्हे. काळ जाईल तसा तो डिंकही घट्ट धरतो, आणि काढायला लागणारं द्रावण शाईही विरघळवू शकतं. वाचनालयातल्या रोज हाताळल्या जाणाऱ्या कादंबरीला अशी पट्टी खुशाल लावावी; ते पुस्तक झिजलं तर दुसरी प्रत घेता येते. दस्तऐवजाचं तसं नाही. झेरॉक्सच्या दुकानातलं गरम लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण त्यातून कागद धड बाहेर काढणं जवळपास अशक्य.

जाणकार दुरुस्तीसाठी जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. हे सत्त्व म्हणजे आपल्याकडे कुरडयांसाठी काढतात तो चीकच; मात्र इथे तो अनेक पाण्यांत धुतलेला हवा, आणि मीठ-हिंगाशिवाय शिजवलेला. टिश्यूची पट्टी कात्रीने कापत नाहीत, ओल्या रेघेवर फाडतात, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून जोड उठून दिसत नाही. खळ अगदी पातळ लावून पट्टी मागच्या बाजूने बसवायची आणि टिपकागदांमध्ये वजनाखाली वाळू द्यायची. पुढे कधी काढायची झाली तर ओलाव्याने सुटते. खळीने कसर लागते, ही तक्रार रास्त आहे. पण कसर येते ती मुख्यतः जाड थर आणि दमट जागा यांमुळे. शाई पाण्याने फुटणारी असेल तर मात्र हा उद्योग घरी करू नये.

उद्याच तहसीलमध्ये कागद दाखवायचा आहे, त्याला एवढा वेळ कुठला, असंही कोणी म्हणेल. घाईतही टेपची गरज पडत नाही. तुकडे जुळवून पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात सरकवले की पुढून-मागून वाचता येतात, स्कॅन करता येतात आणि हवे तेव्हा बाहेर काढता येतात. साधं पीव्हीसीचं पाकीट घेऊ नये. तेही कालांतराने चिकटतं. आधीच टेप लावलेला कागद असेल तर ती सोलू नये, इस्त्री फिरवू नये, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये. त्यातल्या ॲसिटोनने डिंकाआधी शिक्काच जाईल.