परागकणाची शिदोरी

कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकेक लांबलेली पेशी. सरकी नीट धरली नाही तर रुईही नाही. आणि सरकी धरायची तर प्रत्येक बीजांडापर्यंत एक परागनलिका पोचावी लागते. म्हणून मराठवाड्यातल्या कापसाविषयी वाचताना मी बोंडाआधी परागकणाकडे वळलो.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण अनेक शेतकऱ्यांना आठवत असेल. असे बियाणे हाताने तयार होते. संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी नर वाणाचे फूल तिच्या कुक्षीवर फिरवायचे. पुढचे डोळ्यांना दिसत नाही. कण ओलावा घेऊन फुगतो, नळी फुटते आणि साधारण एका दिवसात बीजांड गाठते.

एवढ्या घाईत लागणाऱ्या प्रथिनांचे आदेश येतात कुठून? जोसेफ मस्करेन्हास यांनी १९६०च्या दशकाअखेरीस, आपल्या केन्याच्याच कुळातल्या ट्रॅडेस्कॅन्शियाच्या परागावर हे तपासले. नवा आरएनए बनणे रोखले, तरी पराग रुजला. म्हणजे जनुकांचे संदेश फुलातच लिहून कणात साठवलेले होते. पुढे ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोवळ्या कणात ११ हजारांहून अधिक जनुके बोलती आढळली, पक्व कणात सुमारे ७ हजार. उरलेल्यांत पेशीभित्ती बांधणारी, नळीला दिशा देणारी जनुके ठळक होती. प्रवासाला निघताना शिदोरी बांधावी तसे हे आहे.

लातूरच्या गळीत धान्य संशोधन केंद्राने सूर्यफुलाचे संकरित वाण दिले. सूर्यफुलात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येकातले पुंकेसर हाताने काढणे परवडत नाही. तिथे लेक्लेर्क या फ्रेंच संशोधकाने १९६९मध्ये मांडलेले नर-वंध्यत्व कामी आले. मादी वाणात तंतुकणिकेतले एक जनुक परागाला घडूच देत नाही. नर वाणातले दुसरे जनुक त्याला आवर घालते, म्हणून शेतकऱ्याच्या शेतात पराग पुन्हा दिसतो.

दोन्ही पिके एकच गोष्ट सांगतात: परागाचे भवितव्य फूल उमलण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. पाते लागल्यानंतरच्या कडक उन्हाने शिदोरीच नासली, तर पाने हिरवी राहतात आणि नुकसान आठवड्यांनी बोंडात दिसते. पंचनामा मात्र बोंडांचा होतो. वाण निवडताना पाने आणि बोंडे पाहतोच; साखर, बोरॉन, कॅल्शियम घातलेल्या अगरवर पराग रुजवूनही पाहायला हवा. एका सूक्ष्मदर्शकावर, तालुक्याच्या महाविद्यालयातही हे जमण्यासारखे आहे.